नऊ नंबरचे डोळे

बाई फक्त ग्रुप फोटो काढतात. लग्न नाही, वाढदिवस नाही, मॉडेल तर नाहीच नाही. "एका माणसाला कोणीही देखणं दाखवेल हो! चाळीस जण एकाच क्षणी बरे दिसायला हवेत, तिथे कस लागतो," असं त्या ठणकावून सांगतात, आणि त्यात काही खोटं नाही. सव्वीस वर्षं झाली. शाळा, बँका, कारखाने, दवाखाने, सगळीकडे बाईच. उंच मागे, बुटके पुढे, आणि ज्यांचं आपसांत फाटलंय ते दोन टोकांना. कोण कोणाशी बोलत नाही हे बाईंना त्या ऑफिसच्या साहेबाआधी कळतं.

आता ग्रुप म्हटला की कोणीतरी डोळे मिटणारच. त्यावर या धंद्यातला जुना उपाय असा की कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, एकामागोमाग सात फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर बसून ज्याचे डोळे मिटले असतील त्याचं डोकं दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवायचं. बाई त्याला सरळ 'डोकी बदलणं' म्हणतात. एकदा घाईघाईत एका मुख्याध्यापकांच्या धडावर शिपायाचं डोकं बसलं होतं. फोटो शाळेत दोन महिने लागला होता, कोणाला पत्ता नाही!

बाईंची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते, आणि तिला आईच्या धंद्याची आईपेक्षा जास्त काळजी. रोज सकाळी चहाबरोबर एक बातमी येणार. आई, आता बिनआवाजाचे कॅमेरे आलेत. आई, तरुण पोरं पुन्हा रोलवर फोटो काढायला लागलीत आणि खरखरीत फोटोला दुप्पट पैसे मोजतात. आई, कुठल्याशा स्पर्धेत पहिला आलेला फोटो कॅमेऱ्याने काढलेलाच नव्हता, मशीनने बनवला होता, बक्षीस परत घेतलं. "बरं झालं, मेल्याचं नाक कापलं," म्हणत बाई बिस्कीट बुडवायच्या आणि कामाला लागायच्या. बिनआवाजाचा कॅमेरा मात्र त्यांनी घेतला. जुन्याने मानच टाकली होती, करणार काय?

पुढची बातमी आली ती डोकी बदलणाऱ्या सॉफ्टवेअरची. पहिला महिना फुकट. त्यात वर्षअखेर, बारा ठिकाणची कामं अंगावर, बाईंची मान आणि पाठ दोन्ही संपावर. म्हटलं, बघू तरी. एकेचाळीस माणसांच्या ग्रुपचे सातही फोटो टाकले, बटण दाबलं, आणि चहाचा कप उचलेपर्यंत सगळे डोळे टक्क उघडे. बाईंनी तोंडात बोटं घातली. "अगं बाई, सव्वीस वर्षं मी काय गवत उपटत होते का?" असं त्या कॉम्प्युटरलाच म्हणाल्या.

तो एकेचाळीस माणसांचा फोटो होता एका मोठ्या हॉस्पिटलचा, आणि काढला होता तिथल्या टेलिफोन ऑपरेटरच्या निवृत्तीसाठी. हॉस्पिटलात कुठूनही नऊ दाबलं की हे बोलणार, म्हणून सगळे त्यांना नऊ नंबर म्हणायचे, आणि लहान मंडळी नऊ नंबर काका. चौतीस वर्षं त्या एक्स्चेंजच्या खोलीत बसून त्यांनी डॉक्टरांची भांडणं सोडवली होती, घाबरलेल्या नातेवाइकांना धीर दिला होता आणि कोणाचा घसा बसलाय हे नुसत्या 'हॅलो'वरून ओळखलं होतं. काकांना जन्मापासून दिसत नाही. पापण्या कायम मिटलेल्या. त्यांच्यानंतर तिथे माणूस नव्हता येणार, रेकॉर्ड केलेला आवाज येणार होता.

फोटो हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर काढला. पहिल्या रांगेत मध्ये काका, शेजारी मोठे साहेब. बाईंनी "तयार?" म्हटलं, आणि काका म्हणाले, "बाई, काढताय की नुसतं उन्हात उभं केलंय? आवाज कुठाय?" बाईंनी हसत कॅमेऱ्यातला क्लिकचा आवाज चालू केला. सात क्लिक झाले, मंडळी पांगली.

चूक झाली ती इथून पुढे. सव्वीस वर्षं बाईंच्या नजरेला एकच सवय, मिटलेले डोळे शोधायचे. मशीनने काम केल्यावर त्यांनी एकेचाळीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली, एकही मिटलेला सापडला नाही, आणि खूश होऊन त्यांनी फोटो पाठवून दिला. साहेबांनी तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. दोन मोठ्या फ्रेम हॉस्पिटलात गेल्या, एक प्रवेशद्वारासाठी, एक काकांना निरोपाच्या दिवशी द्यायला, आणि एक छोटी प्रत काकांच्या घरी.

दोन दिवसांनी बाकीच्या प्रती पुठ्ठ्यावर चिकटवताना बाईंचा हात थांबला. पहिल्या रांगेतून काका त्यांच्याकडे बघत होते. छान तपकिरी डोळे, वर चमकसुद्धा! त्या खुर्चीत बसल्या, पुन्हा उठल्या, आणि साहेबांना फोन लावला.

"अहो, लक्षात आलं होतं माझ्या," साहेब म्हणाले. "पण राहू द्या ना. चांगले दिसतायत. सगळ्यांना आवडलाय फोटो. आणि त्यांना काय कळणार?"

ते शेवटचं वाक्य बाईंना असं झोंबलं की त्यांनी फोनच ठेवून दिला. चूक त्यांची, हे खरंच. पण एकेचाळीसातल्या चाळीस जणांनी बघितलं आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही? निरोपाचा कार्यक्रम शुक्रवारी, आज बुधवार. शुक्रवारी काका टाळ्यांच्या गजरात भलत्याच माणसाचा फोटो छातीशी धरून घरी जाणार, आणि ते एकट्या त्यांनाच माहीत नसणार. बाईंनी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि हॉस्पिटल गाठलं.

एक्स्चेंजच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि दिव्यांचा बोर्ड. ते दिवे काकांसाठी नव्हतेच, त्यांच्यासाठी प्रत्येक लाइनचा आवाज वेगळा होता. बाई दारात उभ्या राहिल्या.

"बाई, आत या. दम लागलाय तुम्हाला, जिन्याने आलात," काका म्हणाले.

बाईंनी सगळं सांगितलं. सात फोटो, मशीन, आपली सवय, काही लपवलं नाही. काका ऐकत होते. मध्ये एक फोन आला, तो त्यांनी जोडून दिला.

"कोणाचे डोळे लावले?"

"कोणाचे नाहीत हो. सातही फोटोंत तुमचे मिटलेले, म्हणून मशीनने मनाने बनवले."

"रंग?"

"तपकिरी."

"बरे दिसतात मला?"

खोटं बोलावं असं बाईंना क्षणभर वाटलं. "दिसतात," त्या म्हणाल्या. "पण ते तुम्ही नाही."

काकांनी मान हलवली. "दोन दिवस बघतोय, फोटोचा विषय काढला की लोकांना चहा आठवतो. मला वाटलं, मी वाईट आलोय." त्यांनी फोनवर हात ठेवला. "बाई, वाईट वाटतं हो. चौतीस वर्षं मी या लोकांना एकही निरोप अर्धा दिला नाही." आणि एकदम ते ताठ बसले. "पण थांबा! एक प्रत घरी गेलीय. ही तर म्हणाली, छान आलाय!"

त्यांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अगं, फोटोत माझे डोळे उघडे आहेत म्हणे?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तू का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतके खूश होतात, कोणत्या तोंडाने सांगू?" काकू म्हणाल्या, आणि मग त्यांचा बांध फुटला. "शेवटी पालथा घालून ठेवलाय तो मी कपाटावर. स्वयंपाकघरात जा, तो बघतोय. खिडकीत जा, तो बघतोय. घरात परका पुरुष! केस विंचरायची चोरी झालीय मला. बत्तीस वर्षं मी तुमच्याशी संसार केलाय, त्या डोळेवटारूशी नाही!"

काका असे हसले की खुर्ची करकरली. बाईंनी डोळे पुसले आणि त्याही हसल्या.

फोन ठेवून काका म्हणाले, "चला, कामाचं बोलू. पहिल्या चार क्लिकला सगळे श्वास रोखून होते. पाचव्याच्या आधी मी म्हणालो, 'साहेब, पोट आत घ्या', आणि अख्खा जिना हसला. त्या हसण्यात क्लिक वाजलं होतं. तो आहे का?"

बाईंनी लॅपटॉप उघडला. होता. एक नर्स तोंडावर हात दाबून वाकलेली, दोन डॉक्टर हलल्यामुळे पुसट, काकांची मान मागे, तोंड उघडं, पापण्या नेहमीसारख्या मिटलेल्या. धंद्याच्या हिशेबाने टाकाऊ फोटो. बाईंनी तो जसा होता तसा वाचून दाखवावा तसा सांगितला. काका म्हणाले, "हाच."

साहेबांना कळवणं भागच होतं. काकांनी लाइन जोडली, बाईंनी फोटो पाठवला, आणि मिनिटभरात साहेबांचा आवाज चढला. "अहो, हा काय फोटो आहे? मी हसतोय आणि माझे डोळे मिटलेत! प्रवेशद्वारात लागणार आहे तो. निदान माझे तेवढे उघडून द्या."

हाताने केलं असतं तर दहा मिनिटांचं काम. बाईंनी तोंड उघडलं, पण काका आधी बोलले.

"राहू द्या साहेब. माझे साठ वर्षं मिटलेले आहेत. काही अडलं नाही."

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "लावा तोच. आणि काका... चुकलं माझं."

शुक्रवारी दुपारी भाषणं झाली, टाळ्या झाल्या, फ्रेम काकूंच्या हातात आली. त्यांनी ती नाकाजवळ धरून नीट बघितली. मग काकांचं बोट धरून काचेवर मधोमध टेकवलं.

"हे तुम्ही. तोंड उघडं आहे, काहीतरी बडबडताय."

"डोळे?"

"मिटलेले."

"मग मीच," काका म्हणाले.