कुंकवाचा थर

पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओत बसलो होतो. शेजारच्या बाईंनी नुकत्याच गेलेल्या आईचा फोटो मोठा करायला आणला होता. फोटोतलं कपाळ मोकळं होतं.

"दादा, कुंकू लावता येईल? बाबा गेले तेव्हा बायकांनी पुसलं. नंतर तिनं साधी टिकलीही लावली नाही."

स्टुडिओवाल्यांनी कॉम्प्युटरवर त्या कपाळावर ठसठशीत कुंकू रेखलं. बाई हरखल्या आणि लगेच धास्तावल्या. "मूळ फोटो बिघडला नाही ना? हा एकच आहे."

"मूळ फोटोला मी हातच लावत नाही, ताई. कुंकू वेगळ्या थरावर आहे, वर काच ठेवून तिच्यावर काढल्यासारखं." त्यांनी पडद्याच्या कडेचं डोळ्याचं चिन्ह दाबलं. कुंकू गेलं. पुन्हा दाबलं, आलं. खालचं कपाळ जसंच्या तसं.

मी बघतच राहिलो. पुसलेलं कायमचं पुसलं जातं, असंच आजवर धरून चाललो होतो. मग वाटलं, त्या दिवशी बायकांनी फिरवलेला हातही असाच वरचा एक थर असेल. त्याखाली फोटोतली ती आई इतकी वर्षं, कुणाचाही हात न लागता, शाबूत राहिली असेल.

"भाऊ विचारेल, आईला कुंकू कसं," बाई पुटपुटल्या.

"मग काढून टाकू?"

"नको. राहू दे." त्यांनी पडद्यावरच्या कुंकवाला हलकेच बोट लावलं, आणि बोटाला लाल लागलंय का ते पाहिलं.