साहेबाची दुर्बीण

माझ्या घरमालकांच्या थोरल्या भावाइतकं लांबचं पाहणारा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात झाला नसेल. पायातल्या चपला मात्र त्यांना रोज शोधाव्या लागत. मी जामसरच्या शाळेत रुजू झालो तेव्हा हे दादा मुंबईहून कायमचे परतले होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नौदलातल्या एका साहेबांकडे स्वयंपाक केला आणि निरोप देताना साहेबांनी आपली जुनी पितळी दुर्बीण त्यांच्या हातात ठेवली. मिटली की बंडीच्या खिशात मावायची, ओढली की हातभर व्हायची. टेकडीवरच्या खडकावर बसून दादा घाटाचं वळण न्याहाळत आणि एसटी दिसली की खाली हाक देत, "गाडी आली रं!" मग बाया हातातली रोपं ठेवून, पाय धुऊन, आरामात थांब्यावर पोचत. कामं टाकून गाडीची वाट पाहत बसणं गावाला परवडणारं नव्हतंच. एकदा मी विचारलं, "दादा, तो मालाचा ट्रक असला तर?" दादा दुखावले. "साहेबाची दुर्बीण खोटा बोलत नाय, गुरुजी."

ती दुर्बीण मी बिघडवली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मागून आणली, काळवंडलेली दिसली म्हणून घरातल्या तांब्या-पराती उजळतात तशी चिंच आणि राख लावून घासली आणि भरपूर पाण्यानं धुतली. सोन्यासारखी झळकली! दादा खूश, मीही खूश. चिंचेचं पाणी भिंगांच्या आत शिरलंय हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्यानंतर दादांच्या हाका चुकू लागल्या. बाया धावत जात आणि थांब्यावर कुत्रंही नसे. कधी गाडी येऊन निघूनही जाई. एका बाईची दवाखान्याची फेरी त्यात हुकली. "डोला म्हातारा झाला," दादा सांगत. जव्हारला जाऊन डोळे तपासूनही आले. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत सांगितले, हे मला घरमालकांकडून कळलं. दादा मात्र डोळ्यांनाच दोष देत राहिले.

तेव्हा मला शंका आली. एका दुपारी टेकडीवर गेलो आणि दादा झऱ्यावर पाणी प्यायला उतरले तसा दुर्बीण डोळ्याला लावली. नुसतं पांढरं, ताकात पाहिल्यासारखं. म्हणजे दादांना सगळं ठाऊक होतं आणि गुरुजींवर बोल येऊ नये म्हणून ते आपल्या धडधाकट डोळ्यांना नावं ठेवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय दिसला, गुरुजी?" मागून दादांनी विचारलं.

माफी मागायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "गाडी."

दादांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, दुर्बीण घेऊन मिटली आणि उभं राहून खाली हाक दिली, "गाडी आली रं!"

शेतातल्या बायांनी माना वर केल्या आणि पुन्हा लावणीला वाकल्या.