न उलटलेलं पान

शर्टाची एक बाही कडक झाली होती, दुसरी चुरगळलेली तशीच टेबलाखाली लोंबत होती, आणि थोरलीच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली. कारण धाकटी जाऊ दारातूनच सांगत आली होती, "जाऊबाई, ऐकलंत का? बाई आपल्यातल्याच कुणालातरी शिकवायला बसवणार आहेत!"

बाई म्हणजे वाचनालयाच्या बाई. दुपारी दोन ते चार वाचनालयात चिटपाखरू नसतं. त्या वेळात त्या साठी ओलांडलेल्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. पहिल्या वर्गात नऊजण होते. आता आणखी बाराजणांनी नावं दिली होती, पण त्यातले निम्मे शिकल्यासवरलेल्या माणसासमोर अडखळायला लाजत होते. म्हणून बाईंनी ठरवलं, की त्यांना शिकवायला त्यांच्याच वयाचं, जुन्या वर्गातलं माणूस द्यायचं. शुक्रवारी प्रत्येकाने शेवटचा धडा वाचायचा. ज्याचं वाचन चांगलं, त्याच्याकडे नवा वर्ग.

"मग तुझाच नंबर लागणार की," थोरली म्हणाली. आवाज गोड होता, पण शर्टावर तिने पाणी असं शिंपडलं, की धाकटीच्या तोंडावर चार थेंब उडाले.

पस्तीस वर्षं थोरली घराच्या पुढच्या खोलीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. चाळीस घरांचे कपडे, आणि एकावरही चिठ्ठी नाही. कुठली कॉलर कुणाची, कुठल्या बाहीचं बटण कुणाच्या घरी तुटलं, सगळं तिच्या डोक्यात. धाकटी गाठोडी पोचवायची. म्हणजे आयुष्यभर हिने सांगायचं आणि तिने ऐकायचं. वर्गातसुद्धा धाकटीला हाताला धरून थोरलीनेच नेलं होतं. "चल गं, मला सोबत होईल," म्हणून.

आणि चार महिन्यांत सोबतीण पुढे गेली! रस्त्याने जाताना धाकटी दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची. "बघा, इथे लिहिलंय, डॉक्टर आत आहेत."

"दिसतंय मला," थोरली म्हणायची. तिला पाटी दिसायची, हे खरंच. वर्गात सगळे एका सुरात वाचायचे, त्यात तिचं भागून जायचं. अक्षरांचं आणि तिचं मात्र काही केल्या जमत नव्हतं.

रोज सकाळी हात जोडून ती घरादाराचं सुख मागायची. त्या आठवड्यात तिने देवाकडे एवढंच मागितलं, की धाकटीचा आवाज बसू दे. मागून झाल्यावर तिची तिलाच लाज वाटली, म्हणून तिने मागणं थोडं कमी केलं. फार नको, शुक्रवारपुरता.

मग तिने सुनेला कामाला लावलं. थोरली इस्त्री फिरवायची आणि सून शेजारी स्टुलावर बसून धडा वाचायची. धडा एका नावाड्याचा होता.

"पुन्हा वाच."

"अहो आई, ही सहावी खेप! आणि तुम्ही पुस्तकात बघतच नाही."

"माझे कान आहेत ना इथे? तू वाच."

चाळीस घरांचे कपडे ज्या डोक्यात मावले, तिथे एक नावाडी मावायला कितीसा वेळ? गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळा धडा घडी करून आत बसला.

शुक्रवारी धाकटी आधी उभी राहिली. अक्षराखाली बोट ठेवत, दम खात, ती नावाड्याला नदीकाठापर्यंत घेऊन आली. 'वल्ह्याने' या शब्दापाशी तिची गाडी तीनदा अडली. थोरलीला मनातून बरं वाटलं. मग तिची पाळी आली. शेजारीच बसलेल्या धाकटीकडे न बघता तिने पुस्तक उघडलं आणि घडाघडा सुरुवात केली.

"वा! वहिनींनी रेडिओच लावला की," मागच्या बाकावरचे बेकरीवाले म्हणाले.

थोरलीला आणखी चेव आला. नावाडी निघाला, वादळात सापडला, पलीकडच्या काठाला लागला. आणि त्याच वेळी शेजारून एक हात हळूच पुढे आला आणि त्याने पुस्तकाचं पान उलटलं.

धाकटीचा हात. नावाडी पलीकडे पोचला तरी पुस्तक पहिल्याच पानावर उघडं होतं!

थोरलीची जीभ थांबली नाही, पण कानशिलं तापली. बाई मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांना काही दिसलं नाही. धडा संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नवा वर्ग थोरलीला दिला.

घरी येईपर्यंत धाकटी एक शब्द बोलली नाही. त्याने तर थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काय बोलायचं ते बोलून टाक एकदाचं."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच तर! पान उलटून उपकार केलास आणि वर गप्प!"

धाकटी पायरीवर बसली. "जाऊबाई, मला दोन ओळी पाठ होत नाहीत. गाठोडी नेताना रस्ताभर घोकत जायचे मी, हे वकिलांचं, हे मास्तरांचं. तरी वकिलांकडे मास्तरांचा लेंगा जायचा. तुम्ही एकदा बघितलं की झालं. इतकी वर्षं जळतेय मी तुमच्यावर. लिहून ठेवता आलं तर बरं, म्हणून अक्षरांच्या मागे लागले."

हे ऐकून थोरलीला क्षणभर साखर खाल्ल्यासारखं झालं. म्हणजे आपलाही हेवा करणारं कुणी होतं तर! पण ती साखर रात्रीपर्यंतही टिकली नाही. एकीने हेव्यापोटी अक्षरं मिळवली, दुसरीने नुसती खुर्ची. आणि सोमवारी बाराजण समोर बसणार, पुस्तकातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवून विचारणार, 'हे काय हो?' नावाडी काही मदतीला येणार नव्हता. ज्यांनी लाज गिळून नावं दिली, ते घरी परत जाणार, ते तिच्यामुळे.

सकाळी हात जोडले तेव्हा तिने काही मागितलं नाही. सरळ वाचनालयात गेली.

"बाई, मला धडा येतो. अक्षरं येत नाहीत."

बाईंच्या हातातला पुस्तकांचा गठ्ठा तसाच राहिला. "चार महिने झाले!"

"चार महिने झाले," थोरली म्हणाली.

"चुकलं माझं. सगळ्यांना एकदम वाचायला लावत बसले, एकेकाचं वेगळं ऐकलंच नाही." बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "मग आता हा वर्ग द्यायचा कुणाला?"

बेकरीवाल्यांचं नाव थोरलीच्या ओठांवर आलं होतं. बिचारे बरे वाचायचे, शिवाय ते धाकटी नव्हते. "बे..." एवढं बाहेरही पडलं. मग दाढ उपटून हातावर ठेवावी तशी ती म्हणाली, "धाकटीला द्या. अडखळते, पण जे वाचते ते खरं वाचते."

"आणि तुम्ही?"

"मी बसते ना तिच्या वर्गात. अगदी पुढे. तिचं चुकलं की सांगायला कुणीतरी हवं."

बाई हसल्या. "तुम्हाला सगळा धडा पाठ आहे, म्हणजे निम्मं काम झालं. तुम्ही म्हणत जा, ती शब्दावर बोट ठेवत जाईल. नव्या लोकांनाही तसंच शिकवू. त्यांनाही काही ना काही पाठ असेलच."

थोरलीने मान डोलावली. धाकटीचं बोट पुस्तकावर आणि आपले डोळे त्या बोटामागे! चित्र डोळ्यांसमोर आलं आणि पुन्हा काळजात कळ उठली. त्यातून धाकटी आता एकेरी रेघांच्या वहीत लिहायची. हिला परत दुहेरी रेघांपासून सुरुवात.

वह्या-पेन्सिलींचं दुकान दुपारी बंद व्हायचं. ती घरी न जाता तशीच वळली, पेन्सिल आणि दुहेरी रेघांची वही आणायला.