गुणाजी तावड्यांनी बसवलेली काच

गुणाजी तावड्यांना मऊ गोष्टींचा मनापासून राग होता. भात जरा गिच्च झाला की ताट सरकवणारा हा माणूस. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत वाफेच्या नळांवर गेली. तिथे सांध्यावर सूत गुंडाळायचं, वर सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा लेप, चोपडायचा आणि पाना असा आवळायचा की सांधा जन्मात हलता कामा नये. सांधा हलला की वाफ सुटली, आणि वाफ सुटली की कुणाचं तरी तोंड भाजलं. संपात गिरणी सुटली, पण ही शिकवण काही सुटली नाही.

कांजूरमार्गला त्यांच्याच चाळीत मेहुणा दत्ताराम राहायचा. तो खिडक्यांना काचा बसवायचा. गुणाजी त्याच्याकडून ते काम शिकले, आणि चांगलं शिकले, हे कबूल केलं पाहिजे. चॉक पावडर अळशीच्या तेलात मळून ते काचेच्या कडेला भरायची लांबी करायचे, आणि गिरणीच्या सवयीने त्यात थोडा सफेदाही घालायचे. लोखंडी खिडकीत ती लांबी दगडासारखी बसायची. कुणी "टिकेल ना?" विचारलं तर गुणाजी नुसते बोटाने ठोकून दाखवायचे.

शहाऐंशी साली मुलुंडच्या एका सोसायटीने जिन्याच्या दर्शनी भिंतीला, फाटकाच्या बरोबर वर, माणसापेक्षा मोठ्या काचा लावायचं ठरवलं. चौकटी अल्युमिनियमच्या. काम गुणाजींना मिळालं. त्यांनी एकच अट घातली. त्यांची बायको शेवंती भाजी विकायची, तिला फाटकाशी बसू द्यायचं. तोवर बिचारी रस्त्याच्या कडेला बसायची आणि धाड आली की टोपली उचलून पळत सुटायची. सेक्रेटरींनी मान डोलावली.

घाटकोपरच्या हार्डवेअरवाल्या चंद्रप्रकाशने काम ऐकलं आणि तो म्हणाला, "इथे लांबी नको रे, गुणाजी. पश्चिमेची भिंत आहे. उन्हात अल्युमिनियम जास्त फुगणार, काच कमी. मधे हे सिलिकॉन भर. सुकलं तरी रबरासारखं राहतं, दोघांना हलू देतं."

त्याने सुकलेला तुकडा हातावर ठेवला. गुणाजींनी तो नखाने दाबला. तुकडा दबला आणि परत वर आला. झालं! त्यांचं मत तिथेच ठरलं.

"हलतं ते काय धरणार रे? वाट लागेल ना!" ते म्हणाले.

चंद्रप्रकाशने परोपरीने समजावलं. पण ऐकतील ते गुणाजी कसले! त्यांनी नेहमीचीच लांबी भरली, उलट सफेदा मूठभर जास्तच घातला. थंडी सुखात गेली. भिंतीला गोणपाटाचा आडोसा करून शेवंतीने खाली बस्तान बसवलं. गिऱ्हाइकं जमली, आणि कित्येक वर्षांनी ती न पळता भाजी विकू लागली.

मग ऊन तापायला लागलं. एका दुपारी गुणाजी तिचा डबा घेऊन आले, तेव्हा वरून बारीकसा आवाज आला. टक. त्यांनी वर पाहिलं. काच लखलखत होती. दुसऱ्या दिवशी ऊन भिंतीवर आलं आणि पुन्हा तोच आवाज. त्या आठवड्यात लाल माठाच्या जुडीवर पांढरा खडा पडला. शेवंतीने चुना समजून तो झटकून टाकला. गुणाजींनी उचलून बोटांत चिरडून पाहिला, तो चिरडेना. ती त्यांचीच लांबी होती.

ते जिन्याने वर गेले. तिसऱ्या मजल्यावर लांबी चौकटीपासून सुटली होती, नख आत जात होतं. काचेच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. लांबी खरवडून काच उतरवावी म्हणून त्यांनी छिन्नी लावली. आयुष्यभर ज्या कडकपणाचा तोरा मिरवला तो कडकपणा तसूभर हटेना. दुसऱ्या ठोक्याला चीर बोटभर पुढे सरकली. त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

खरं सांगावं तर पुढची कामं हातची जाणार, आणि त्याबरोबर शेवंतीची जागाही. ते खाली आले.

"शेवंते, तू पलीकडे बस गो. सेक्रेटरी म्हणता."

"सेक्रेटरी म्हणता?" शेवंती ताडकन उठली आणि तडक ऑफिसात गेली. परत आली ती हसतच. "तो काय म्हणूक नाय! मी सांगान इलंय, वरची काच माझ्या घोवान लायली हा, मी हयसून उठूचंय नाय."

गिऱ्हाईक बायका हसल्या. गुणाजींनी तोंड उघडलं. 'माझं काम चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या बायकांसमोर, तिच्या त्या अभिमानाने फुललेल्या तोंडासमोर, जीभ रेटेना. बायकोच्या जिवावर बेतलंय आणि ह्या शहाण्याला अब्रूची पडलीय! त्याची त्यांना स्वतःलाच शिसारी आली.

ते गोणपाटाखाली वाकून आत आले आणि तिच्या शेजारी, त्या काचेच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ टेकून बसले.

इतक्या वर्षांत ते तिच्याबरोबर भाजीला कधी बसले नव्हते. शेवंती लाजली. तिने टोपली सरकवून त्यांना नीट जागा करून दिली आणि एका बाईची कारली तोलायला घेतली. ऊन तिसऱ्या मजल्यावर आलं होतं.