नणंदेच्या घरी, कर्ज मिटेपर्यंत

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला आठवतात ती रविवारच्या एका लांबलचक दुपारसारखी. खारघरला अकराव्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर होतं. खिडकीतून डोंगर दिसायचा, आणि जेवून पडलं की पडद्यातून येणाऱ्या हिरवट उजेडात डोळे आपोआप मिटायचे. अशा वेळी कधीतरी नवरा माझा हात हळूच उचलायचा, अंगठा कशावर तरी टेकवायचा आणि हात परत उशीवर ठेवायचा. मला अर्धवट जाग असायची. वाटायचं, हा माझा हात हातात घेऊन बसलाय. त्या समजुतीतच मी पुन्हा झोपून जायचे.

तो माझ्या मोबाईलचं लॉक उघडत होता, हे मला फार उशिरा कळलं.

पैशांचं सगळं तोच बघायचा. "तू टेन्शन घेऊ नकोस, ते माझ्यावर सोड," म्हणायचा, आणि मला ते आवडायचं. माहेरी महिनाअखेर आली की आईबाबांचे आवाज चढायचे. आपल्या घरात पैशाचा विषयसुद्धा निघत नाही, याचं मला केवढं सुख वाटायचं! मी ऐरोलीच्या एका कंपनीत बॅक-ऑफिसला होते. पगार माझ्या खात्यात जमा व्हायचा, कार्ड त्याच्या पाकिटात असायचं. त्याला फर्निचरचा स्वतःचा धंदा उभा करायचा होता. "आपलंच आहे ना सगळं?" असं तो वारंवार म्हणायचा, आणि मी हो म्हणायचे.

मग एके दिवशी ऑफिसात फोन आला. माणूस अगदी अदबीने बोलत होता.

"मॅडम, तुमचे हप्ते थकलेत."

"राँग नंबर," मी म्हटलं.

त्याने माझं पूर्ण नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, माहेरचा पत्तासुद्धा वाचला. मी काचेतून बाहेर बघत ऐकत राहिले. खाडीला ओहोटी लागली होती, चिखल उन्हात चमकत होता, आणि हा माणूस कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलतोय असं मला वाटत होतं.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो चिडला नाही, हसला. "अगं, धंद्यात पैसे फिरवावे लागतात. करतो क्लिअर." पण फोन वाढत गेले. माझ्या मॅनेजरला गेले, बाबांना गेले. मी पुन्हा विचारलं तेव्हा तो हसला नाही. "विश्वास नसेल तर माहेरी जा," म्हणाला. त्यानंतर रोज सकाळी तो माझ्या हातावर जाण्यायेण्यापुरते पैसे ठेवू लागला. मी ते घ्यायचे आणि निघायचे. त्या दिवसांत मी चालत होते, बोलत होते, ऑफिसात कामही बिनचूक करत होते, पण पाण्याखालून ऐकू यावं तसे सगळे आवाज लांबून यायचे.

एकदा डोळे आले होते. औषधाच्या दुकानात ड्रॉप्स काउंटरवर ठेवून मी नवऱ्याला फोन लावत राहिले. त्याने उचलला नाही. मी बाटली परत केली आणि हातातल्या पैशांत रिक्षाने जाता येईल तेवढं जाऊन, पुढे चालत, कळंबोलीला नणंदेकडे गेले. का गेले ते आजही नीट सांगता येत नाही. तिचं घर जवळ होतं, एवढंच.

माझी नणंद नवऱ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिच्या यजमानांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय. खाली ऑफिस, वर घर. लग्नात ती माझ्याशी चार शब्द बोलली असेल. मी तिला जरा घाबरूनच असायचे. तिने दार उघडलं, माझे लाल डोळे बघितले.

"रडलीस?"

"नाही ताई, डोळे आलेत. औषधाला जरा पैसे हवे होते."

ती पाकीट आणायला वळली आणि थांबली. "पगार किती गं तुझा?"

"बरोबर माहीत नाही. मध्ये वाढला. ह्यांना विचारावं लागेल."

ती माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "माझ्या नावावर त्याने बाइक घेतली होती. कॉलेजात असताना. हप्ते बाबांनी भरले आणि आईने मला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस म्हणून. तुझं लग्न ठरलं तेव्हा सांगायला हवं होतं मी." आणि उठून म्हणाली, "आज इथेच राहा."

मी तिथे राहिले ती वर्षभराहून जास्त.

पहिले काही आठवडे मी रजा टाकून नुसती झोपले. मागच्या खोलीच्या खिडकीसमोर लोखंड बाजारातलं एक गोदाम होतं. दुपारी तिथे उघड्यावर ठेवलेल्या पत्र्यांवरून ऊन उसळायचं आणि माझ्या छतावर तळ्याच्या पाण्यासारखं हलायचं. क्रेन फिरली की ते तळं भिंतीवर उतरायचं. ट्रकवाल्यांच्या हाका, पत्र्यांचा खणखणाट, नणंदेच्या कुकरच्या शिट्ट्या. त्या गोंगाटात मला जशी झोप लागायची तशी खारघरच्या शांततेत कधी लागली नव्हती. कधी जाग आली की नणंद पायाशी बसून लसूण सोलत असायची. काही विचारायची नाही.

मग एक दिवस तिनेच मला उठवलं. "चल, वेणी घाल. वकीलबाईंकडे जायचंय."

बेलापूरला कोर्टाच्या आवारात मोफत कायदा सल्ला मिळायचा. त्याआधी आम्ही बँकेत जाऊन आलो होतो. तिथला साहेब म्हणाला होता, "कर्ज तुमच्या नावावर, ओटीपी तुमच्या मोबाईलवर. आम्ही काय करणार?" आणि मला ते पटलंही होतं. वकीलबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं, झोपेत माझ्या अंगठ्याने मोबाईल उघडून त्याने कर्जं काढली तीसुद्धा गोष्ट, आणि म्हणाल्या, "कायद्यात याला आर्थिक छळ म्हणतात. घरातल्या हिंसेतच धरतात."

"पण त्यांनी कधी हात नाही उगारला," मी म्हटलं.

"उगारला नाही, उचलला," नणंद म्हणाली. "हिचा."

वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, सगळं कर्ज पुसलं जाणार नाही. पण पोलिसांत तक्रार, कोर्टात नवऱ्याविरुद्ध अर्ज आणि कर्ज देणाऱ्या प्रत्येक कंपनीला लेखी कळवणं, हे सुरू करता येईल. "घरातलं कुणी साक्ष देईल का?" त्यांनी विचारलं. नणंद म्हणाली, "मी आहे ना."

त्या दिवशीपासून सासूबाईंचे फोन सुरू झाले. घरातलं घरात ठेवावं, सख्ख्या भावाच्या विरोधात उभी राहतेस, राखी कुणाला बांधशील? नणंद फोन कानाला लावून पोळ्या लाटत राहायची. शेवटी एवढंच म्हणायची, "आई, शपथ एकदा पाळली. आता नाही."

साक्षीच्या दिवशी तो कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. तोच निळा शर्ट, मी घेतलेला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. बहिणीला म्हणाला, "ताई, तू पण?"

"जेवलास का?" तिने विचारलं. मग माझा दंड धरून ती आत गेली आणि न अडखळता सगळं सांगितलं.

निकाल काही एका दिवसात लागला नाही. कोर्टाने सगळ्यात मोठ्या कर्जाची रक्कम मला द्यायचा त्याला हुकूम केला. तो पैसे देतो, चुकवतो, पुन्हा कोर्टात बोलावलं की देतो. लोकअदालतीत दोन कंपन्यांनी व्याज आणि दंड सोडला, उरलेलं मी पगारातून फेडलं. एका कंपनीने काहीच सोडलं नाही. तेही फेडलं. मला पुढची काही वर्षं कुणी कर्ज देणार नाही म्हणतात. ते ऐकून मला हसू आलं होतं.

घटस्फोटानंतर मी ऐरोलीत एक खोली घेतली. कार्ड माझ्या पर्समध्ये असतं. सुट्टीला मात्र कळंबोली. परवा गच्चीवर आम्ही कुरडया घालत होतो. ऊन चांगलं होतं, समोरच्या पत्र्यांचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता.

"काल त्याचा फोन आला होता," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"पैसे हवेत."

"दिले?"

"नाही. जेवायला ये म्हटलं." तिने सोऱ्या माझ्याकडे दिला. "आला नाही. तू ती कड दाबून धर, चादर उडतेय."