एकोणीस पिना आणि आमटी

फिगर स्केटिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी फक्त त्या स्पर्धांच्या स्मरणपिना जमवतो. (बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता!) कॅनडातला माझा दादा स्पर्धा बघायला जाई आणि दर वेळी एक पिन धाडी. नोएडात केबल आणि आम्ही एकाच महिन्यात आलो. नव्या फ्लॅटमध्ये बिस्किटांच्या डब्यात एकोणीस पिना सुखाने नांदत होत्या. रविवारी दादा स्वतः येणार होता, संग्रह बघायला! आनंदाने मला झोप लागेना.

गुरुवारी ऑफिसातून घरी आलो, तर संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलेलं आणि डबा रिकामा.

"आई, पिना?"

"वाण म्हणून दिल्या. तुझी मावशी पुण्याहून वाण घेऊन निघालीय, पण गाडी धुक्यात अडकली! एकोणीस बायका दारात, रिकाम्या हाताने पाठवू? अगदी बरोब्बर पुरल्या बघ!"

"आधी परत माग!"

"दिलेलं वाण परत मागतात का रे?"

पिना जमवणाऱ्यांचाही नियम तोच! पिन मागायची नाही, अदलाबदल करायची. पण माझ्याकडे बदल्यात द्यायला पिनच उरली नव्हती. मग मी स्टीलच्या वाट्या पिशवीत भरल्या आणि निघालो.

शेजारच्या जोशीवहिनींचा पदर माझ्याच पिनेने टाचलेला.

"वहिनी, तुमच्या खांद्यावर माझं काहीतरी आहे."

"कोण आहे गं?" आतून जोशी गरजला. "आणि कुणाच्या खांद्यावर?"

मी मान खाली घालून दोन वाट्या पुढे केल्या. (एक वहिनींसाठी, एक जोशीसाठी.)

वरच्या मजल्यावरच्या कपूर आंटींनी पिन कुत्र्याच्या स्वेटरला लावली होती.

"कटोरी? भाईसाहब, हमारे टॉमी पे इतनी जच रही है! कोई डोंगा-वोंगा हो तो बोलो."

आमटी वाढायचा डोंगा गेला. ही बातमी जिन्याने माझ्याआधी खाली उतरली. पुढच्या दारात पातेलं, त्यापुढे कढई! शनिवारी संध्याकाळी एकोणिसावी पिन घरी आली, तेव्हा मी चक्क नाचलो.

रविवारी दादाने एकेक पिन हातात घेऊन पाहिली. "वा! एकही हरवली नाहीस रे!" त्याचे डोळे भरून आले. माझेही.

मग तो जेवायला बसला. आईने स्वयंपाकघरात चहूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

शेवटी दादाने बिस्किटांच्या डब्यातून आमटी भुरकली, आणि मी स्वेटरवर एकोणीस पिना टोचून, वरातीतल्या बँडवाल्यासारखा, त्याला वाढत उभा राहिलो.