साहेबाचा पाला आणि वलगावची फोडणी

नलूचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या जुन्या शहरात भाजीवालीशी घासाघीस करत होते. "उद्या मेळघाटात, सेमाडोहला येतेस?" नलू माझी कॉलेजातली मैत्रीण, अमरावतीत वनस्पतिशास्त्र शिकवते. इंग्रजांच्या काळात मेळघाटातून गोळा केलेल्या झाडपाल्याचं प्रदर्शन ती मांडत होती. प्रत्येक नमुन्याखाली एकाच इंग्रज साहेबाचं नाव! "साहेब काय एकटाच हिंडायचा जंगलात? सामान कोणी वाहिलं, रांधलं कोणी? त्यातलं एक तरी नाव मला लावायचंय गं." मी लगेच हो म्हटलं.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीसाठी भांडायलाही हुरूप येतो. अमरावतीत दह्यातला गिला वडा हाणला आणि नलूच्या गाडीत बसले. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या, पुढे घाट आहे आणि मोबाइलला रेंज नाही. सेमाडोहची रबडी सोडू नका, डाएट गेलं खड्ड्यात! साहेबाचा तळ इथंच कुठंतरी पडायचा म्हणे. पण ज्याला विचारावं तो "काय माहीत बाप्पा" म्हणून मोकळा. नलूचं तोंड उतरलं.

शेवटी चहावाला म्हणाला, "माही सासरवाडी वलगावची. तिथल्या शांताबाईचा आजा साहेबाचा खानसामा होता."

वलगाव परतीच्या वाटेवरच. शांताबाई ऐंशीच्या पुढच्या. बैठकीत बुद्धांची तसबीर, आमच्या हातात गोडमिट्ट चहा. नलूनं विषय काढला आणि बाई उखडल्या.

"आज्याचं नाव लावू नका. लोक अजून हसून राहिले आमाले."

"काहून?" मी विचारलं.

"साहेबानं ओल्या फडक्यात पाला बांधून चुलीजवळ ठेवला. आज्याले वाटलं, भाजी हाये. लसूण-मिरचीची फोडणी देल्ली! साहेबानं मिटक्या मारत खाल्ली अन् सकाळी पाला शोधत बसला. मंग हाकललं आज्याले."

मला हसू आवरेना. नलूनं चिमटा काढला.

"पावसाळाभर आज्यानं त्याचे कागद चुलीवर शेकून देल्ले, ते कोणी पाह्यलं नाही," बाई पुटपुटल्या.

नलू ताडकन उठली. "कागद शेकले? अहो मावशी, पाला वाळायला त्याच कागदांत दाबून ठेवतात! ते ओले राहिले असते तर सगळ्याला बुरशी लागली असती. तुमच्या आजोबांमुळे तो पाला टिकला."

बाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "हे आमाले कोणी सांगतलंच नाही वं. सखाराम नाव होतं. लिहा. अन् फोडणीचंही लिहा. गावात त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, साहेब बोटं चाटून गेला."

घरी परतल्यावर घाटातली हिरवाई फोनमधल्या फोटोंत राहिली. मनात राहिली ती चीड. एका भाजीपायी त्या घरानं किती वर्षं मान खाली घालावी?

परवा नलूचा फोन आला. शांताबाई नातसुनेचा हात धरून प्रदर्शनाला आल्या होत्या. सखारामांच्या पाटीपुढं बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग नलूवरच डाफरल्या, "पोरी, अक्षर लय बारीक केलं वं. रस्त्यावरून दिसलं पाह्यजे!"

नलूनं त्याच संध्याकाळी पाटी बदलली.